‘आय हॅड गॉन टू नाशिक येस्टरडे’: मराठी माणसाचं इंग्रजी नेमकं कुठे अडतं

‘मी काल नाशिकला गेलो होतो.’ हे वाक्य इंग्रजीत सांगा म्हटलं की हमखास उत्तर येतं, ‘आय हॅड गॉन टू नाशिक येस्टरडे.’ क्रियापदाचं रूप शाळेत घोटलं तसंच्या तसं आहे, शब्दही सगळे बरोबर. पण इंग्रजी ऐकायची सवय असलेल्याला ते अर्धवट वाटतं. नाशिकला गेला होतात, बरं, मग त्यानंतर काय झालं? कारण इंग्रजीत ‘हॅड गॉन’ सहसा एकटं येत नाही. भूतकाळातल्या एखाद्या घटनेच्याही आधी दुसरं काही घडून गेलं होतं, हे दाखवायला ते लागतं. ‘आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा बस निघून गेली होती’ हे ‘व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट’ असं होईल. काल नाशिकला जाऊन आलो, एवढंच सांगायचं असेल तर ‘आय वेंट टू नाशिक येस्टरडे’ म्हणायचं आणि थांबायचं.

मराठीत मात्र जाऊन परत आलेला माणूस ‘गेलो होतो’ असंच म्हणतो. ‘तो नाशिकला गेला’ म्हटलं तर तो अजून तिकडेच असेल असं वाटतं. म्हणजे चूक करणाऱ्याचा व्याकरणाचा अभ्यास कमी पडलेला नाही, त्याने मराठीचा नियम चोख पाळलाय. फक्त भाषा चुकीची निवडली.

हे लक्षात घेतलं की इंग्रजीच्या सरावाकडे बघण्याची दिशाच बदलते. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी ते पाचवीपासून होतं. तेव्हा काळांचे तक्ते पाहिले नाहीत असा शिकलेला माणूस सापडणं कठीण. तरीही बोलताना तोंड अडखळतं, कारण तक्ता इंग्रजीचा नियम सांगतो, पण तुमची मराठी तुम्हाला कुठे ओढून नेणार आहे ते सांगत नाही. आणि या ओढीच्या जागा काही अगणित नाहीत. मूठभरच आहेत, नेमक्या आहेत आणि बहुतेक मराठी माणसांच्या सारख्याच आहेत. सगळं व्याकरण पहिल्या पानापासून पुन्हा काढून बसण्यापेक्षा या जागा ओळखून तिथे मेहनत केली तर फळ लवकर मिळतं, असं माझं ठाम मत आहे.

आता ‘पासून’ घ्या. आपण ‘सोमवारपासून ताप आहे’ म्हणतो आणि ‘चार दिवसांपासून ताप आहे’ असंही म्हणतो. इंग्रजीत इथे दोन वाटा फुटतात. सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर ‘सिन्स मंडे’, किती काळ लोटला ते सांगायचं असेल तर ‘फॉर फोर डेज’. ‘सिन्स फोर डेज’ ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. ती टाळण्याची खूण सोपी आहे: ‘कधीपासून?’ या प्रश्नाचं उत्तर असेल तर ‘सिन्स’, ‘किती दिवस?’ या प्रश्नाचं उत्तर असेल तर ‘फॉर’. त्याच वाक्यात आणखी एक खड्डा आहे. मराठीत ‘मी दहा वर्षांपासून ठाण्यात राहतो’ हे सरळ वर्तमानकाळात बसतं. इंग्रजीत ‘आय लिव्ह’ चालत नाही, ‘आय ॲम लिव्हिंग’ही नाही. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेलं आणि आजही चालू असलेलं एकत्र बांधायला ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर टेन इयर्स’ असं म्हणावं लागतं. हे एक वाक्य आपल्या आयुष्यातल्या खऱ्या गोष्टी घालून पाच-सहा वेळा बोलून पाहा. नोकरी कधीपासून करताय, गाडी कधीपासून चालवताय, गुडघा कधीपासून दुखतोय. पुस्तकातल्या राम-श्यामच्या वाक्यांपेक्षा ही वाक्यं डोक्यात जास्त टिकतात, कारण ती तुम्हाला उद्या खरंच लागणार असतात.

प्रश्न विचारण्याची अडचण निराळी आहे. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला, किंवा नुसता आवाज चढवला, की प्रश्न तयार: ‘जेवलास?’ इंग्रजीला एक मदतनीस क्रियापद लागतं आणि ते कर्त्याच्या पुढे उभं करावं लागतं: ‘डिड यू ईट?’ भूतकाळ त्या ‘डिड’ने उचलला, म्हणून मागचं ‘ईट’ मूळ रूपात राहिलं. ‘डिड यू एट?’ म्हणणारा माणूस भूतकाळ दोनदा लावत असतो. ‘व्हेअर यू आर गोइंग?’ हेही त्यातलंच. ‘तू कुठे चाललायस’ यात कर्ता क्रियापदाच्या आधी येतो, तसाच तो इथेही आलाय, फक्त ‘आर’ आणि ‘यू’ यांची अदलाबदल करायची राहिली.

आणि कर्ता. मराठीत ‘येतोय’ हे पूर्ण वाक्य आहे. कोण येतोय ते क्रियापदावरून आणि संदर्भावरून कळतं. इंग्रजीत तेवढ्यावर भागत नाही, म्हणून ‘आय’ किंवा ‘ही’ लागतोच. इतका लागतो, की करणारा कुणीच नसला तरी ती जागा रिकामी ठेवता येत नाही. ‘उकडतंय’ याला ‘इट इज हॉट’. हा ‘इट’ कुठल्याही वस्तूकडे बोट दाखवत नाही, तो फक्त खुर्ची अडवून बसलाय.

‘अ’ आणि ‘द’ यांचं कोडं

मराठीत उपपदं नाहीत. त्यामुळे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ नियम वाचून अंगवळणी पडत नाहीत, मजकुरात ती कुठे येतात हे पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून जावं लागतं. त्यासाठी एक जुनी पद्धत आहे, तिच्याइतकी उपयोगी दुसरी मला माहीत नाही. सोळाव्या शतकात रॉजर ॲस्कम नावाचे शिक्षक होते, त्यांनी इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला ती राणी होण्याआधी लॅटिन आणि ग्रीक शिकवलं. लॅटिनसाठी ते दुहेरी भाषांतराचा आग्रह धरत: उतारा आपल्या भाषेत आणायचा, मूळ बाजूला ठेवायचं, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग आपल्या भाषांतरावरून पुन्हा लॅटिन लिहायचं. शेवटी मुळाशी ताडून पाहायचं.

आपण हेच इंग्रजीसाठी करून बघू. हा छोटा उतारा घ्या:

‘माय नेबर हॅज अ स्मॉल शॉप निअर द स्टेशन. ही ओपन्स इट ॲट सेव्हन. ऑन मंडे अ वुमन लेफ्ट हर बॅग इन द शॉप. ही वेटेड टिल टेन अँड देन टुक द बॅग टु द पोलीस.’

त्याची मराठी अशी होईल: माझ्या शेजाऱ्याचं स्टेशनजवळ छोटं दुकान आहे. तो ते सातला उघडतो. सोमवारी एक बाई दुकानात पिशवी विसरली. त्याने दहापर्यंत वाट पाहिली आणि मग पिशवी पोलिसांकडे नेली.

आता मूळ उतारा झाकून ठेवा. दोन दिवसांनी फक्त मराठीवरून इंग्रजी लिहा. तुमचं वाक्य बहुधा असं काहीतरी असेल: ‘माय नेबर्स स्मॉल शॉप इज निअर स्टेशन... वन वुमन फरगॉट बॅग इन शॉप.’ मुळाशेजारी ठेवून पाहा. आपण ‘शेजाऱ्याचं दुकान आहे’ म्हणतो, इंग्रजीत शेजारी कर्ता होतो आणि ‘हॅज’ येतं. दुकान पहिल्यांदा आलं तेव्हा ‘अ स्मॉल शॉप’, कारण वाचणाऱ्याला ते अजून ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा ‘द शॉप’, कारण आता ठाऊक झालं. ‘द स्टेशन’ मात्र पहिल्यापासूनच ‘द’, कारण गावातलं स्टेशन कुठलं हे दोघांनाही कळतं. बाईसाठी ‘वन’ नाही, ‘अ’. मोजायचं असेल तेव्हाच ‘वन’. पिशवी कुणाची हे मराठीत सांगावं लागत नाही, इंग्रजीत ‘हर बॅग’ म्हणावं लागतं. आणि कुठे विसरली ती जागा सांगायची असेल तर इंग्रजीत ‘फरगॉट’पेक्षा ‘लेफ्ट’ बरं.

चार वाक्यांतून एवढं हाती लागलं, तेही तुमच्या स्वतःच्या चुकांवर बोट ठेवून. रोज एवढाच उतारा पुरे. काही नामांना ‘अ’ही लागत नाही आणि अनेकवचनही होत नाही, जसं इन्फर्मेशन, फर्निचर, ॲडव्हाइस, लगेज. ती याच पद्धतीने हळूहळू नजरेत बसतात. ‘ॲन अवर’ आणि ‘अ युनिव्हर्सिटी’ यांचा घोळ तर ऐकून सुटतो: अक्षर कुठलं आहे ते बघायचं नाही, उच्चार स्वराने सुरू होतो का ते बघायचं.

समजतं सगळं, बोलता येत नाही

ही तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि त्यात तथ्य आहे. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांची समज उत्तम झाली, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका तशाच राहिल्या. मेरिल स्वेन या भाषाअभ्यासक बाईंनी 1985 साली यावर मत मांडलं, की ऐकणं आणि वाचणं पुरेसं नाही, बोलण्याचीही सक्ती हवी. ऐकताना अर्थ चार शब्दांवरून लागतो, व्याकरणाकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. बोलताना मात्र प्रत्येक शब्दाचं रूप तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि आपल्याला काय येत नाही हे तिथेच उघडं पडतं.

त्यामुळे संभाषणाचा सराव म्हणजे बोलणंच. सोबत कुणी नसेल तर फोनच्या रेकॉर्डरसमोर बोला. यासाठी एक पद्धत भाषा शिकवणाऱ्यांमध्ये चांगलीच रुळलेली आहे. एकच गोष्ट तीनदा सांगायची: पहिल्यांदा चार मिनिटांत, मग तीन मिनिटांत, मग दोन. विषय साधा घ्या, आजचा दिवस कसा गेला असा. पहिल्या खेपेला शब्द शोधावे लागतात. तिसऱ्या खेपेपर्यंत शब्द सापडलेले असतात, त्यामुळे जीभ मोकळी होते. ऐकणारा दर वेळी वेगळा मिळाला तर उत्तमच, कारण मग तीच गोष्ट पुन्हा सांगताना कंटाळा येत नाही.

बोलताना दोन जागा सांभाळायच्या. पहिली म्हणजे नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘तुमच्याकडे पावती नाहीये का?’ आपण सहज म्हणतो, ‘हो, नाहीये.’ त्याच्या म्हणण्याला आपला होकार असतो. इंग्रजीत ‘यू डोन्ट हॅव द रिसीट?’ याला ‘येस’ म्हटलंत तर समोरचा गोंधळणार, किंवा पावती काढून दाखवाल म्हणून वाट बघत उभा राहणार. इंग्रजीत प्रश्न कसा विचारला याकडे बघायचं नाही, वस्तुस्थितीकडे बघायचं. पावती नसेल तर ‘नो, आय डोन्ट’. असेल तर ‘येस, आय डू’. परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्यांनी तर हे पक्कं करूनच ठेवावं, कारण इथे एका शब्दाने अर्थ उलटा होतो.

दुसरी जागा आदराची. मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात असतो. ‘जरा पाणी द्या’ म्हटलं की त्या ‘द्या’ने काम झालं, वेगळं ‘कृपया’ घरात कुणी म्हणत नाही. इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या सगळ्यांना एकच ‘यू’. क्रियापदही बदलत नाही. मग आदर ठेवायचा कुठे? तो वाक्याच्या रचनेत येतो. ‘गिव्ह मी वॉटर’ हे व्याकरणाने बरोबर आहे, पण ऐकायला हुकूम सोडल्यासारखं आहे. ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ यात आपलं ‘द्या’ उतरतं. ‘सांगाल का?’ यासाठी ‘कुड यू टेल मी...’, ‘हरकत नसेल तर’ यासाठी ‘वुड यू माइंड...’. मराठी माणूस इंग्रजीत तुटक वाटतो तो उद्धट असतो म्हणून नव्हे. त्याने आदर मराठीत जिथे असतो तिथे शोधला, आणि इंग्रजीने ती जागा ठेवलेलीच नाही.

उच्चारांचं फार मनावर घेऊ नका, असं मी सांगेन. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही आपण ‘व’नेच म्हणतो, त्यातला फरक शिकून घ्यावा. ऱ्हस्व-दीर्घाचाही, नाहीतर ‘शिप’ आणि ‘शीप’ एकच होऊन बसतात. शब्दातल्या कुठल्या भागावर जोर द्यायचा ते शब्दकोशाच्या ॲपमध्ये ऐकून घ्यावं. बाकी बोलण्याला मराठी वळण राहिलं तर राहू द्या. त्याची लाज बाळगायचं काहीच कारण नाही. अर्थ बदलतो तिथे सुधारायचं, सूर वेगळा लागतो तिथे नाही.

वाचून कळणं म्हणजे काय

भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी वाचन आणि शब्दसंग्रह यांच्या नात्यावर बरंच काम केलं आहे. मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं त्यातून पुढे आलं. म्हणजे 300 शब्दांच्या पानावर सहाच अनोळखी शब्द. हिशोब उलटा करून पाहा. इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख उघडला आणि पानात तीस शब्द अडले, तर तो मजकूर आज तुमच्यासाठी नाही. ‘रोज इंग्रजी पेपर वाचा’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. नवशिक्यासाठी तो चुकीचा आहे असं मला वाटतं. दर ओळीला शब्दकोश उघडावा लागला की वाचन थांबतं, आठवड्याभरात पेपर रद्दीत जातो, आणि माणूस ठरवून टाकतो की आपल्याला इंग्रजी जमणार नाही.

यावरचा उपाय आपल्याच उपखंडात घडला. मायकल वेस्ट हे इंग्रज शिक्षक 1920 च्या दशकात ढाक्यात काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून त्यांनी मोजके, वारंवार येणारे शब्द निवडून सोपी पुस्तकं तयार केली. नवे शब्द एकदम न ओतता थोडे थोडे आणले आणि पुन्हा पुन्हा वापरले. पुढे 1953 मध्ये सुमारे 2000 अतिशय उपयोगी इंग्रजी शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली. आज पायरीपायरीने अवघड होत जाणारी जी गोष्टींची पुस्तकं मिळतात, ती याच वाटेवरची. मोठ्या माणसांनीही ती बिनधास्त वाचावीत. पातळी तपासायला एक पान मोजा. सहापेक्षा जास्त शब्द अडले तर एक पायरी खाली या.

मात्र सगळे शब्द ओळखीचे असूनही अर्थ निसटतो, असंही होतं. इमारतीच्या फळ्यावर लागते तशी ही नोटीस बघा: ‘द लिफ्ट विल नॉट बी इन यूज ऑन सॅटर्डे अनलेस द रिपेअर वर्क इज कम्प्लीटेड बाय फ्रायडे ईव्हनिंग.’ यातला एकही शब्द अवघड नाही. पण शनिवारी लिफ्ट चालू असेल का, असं विचारलं तर घाईत वाचणारा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. खरं उत्तर असं, की शुक्रवार संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली तर चालू, नाहीतर बंद. सगळी भिस्त ‘अनलेस’वर आहे. ‘अनलेस’, ‘अनटिल’, ‘ऑल्दो’, ‘हार्डली’, ‘इन्स्टेड ऑफ’ हे लहान शब्द वाक्याचा अर्थ फिरवतात, आणि आपली नजर मात्र ‘लिफ्ट’, ‘रिपेअर’ अशा जड शब्दांवर थांबते. वाचताना या लहान शब्दांभोवती पेन्सिलने गोल करायची सवय लावा.

दुसरी नोटीस: ‘द फॉर्म्स सबमिटेड आफ्टर द टेन्थ विल बी रिजेक्टेड.’ मराठी डोळा हे ‘फॉर्म जमा केले, दहा तारखेनंतर...’ असं वाचायला लागतो आणि पुढे अडकतो. कारण आपल्याकडे विशेषण नामाच्या आधी येतं: ‘दहा तारखेनंतर जमा केलेले फॉर्म’. इंग्रजीने तो सगळा तपशील नामाच्या मागे नेऊन ठेवला आहे. इथे ‘सबमिटेड’ म्हणजे ‘जमा केलेले’, मुख्य क्रियापद ‘विल बी रिजेक्टेड’. लांब वाक्य आलं की आधी मुख्य क्रियापद शोधा, मग त्याचा कर्ता कोण ते पाहा. मधलं सगळं कंसात टाकल्यासारखं बाजूला ठेवा आणि शेवटी जोडा. बँकेची पत्रं, विम्याचे कागद, सरकारी सूचना यांत अशी वाक्यं खच्चून भरलेली असतात, म्हणून सरावाला तीच चांगली.

स्पर्धा परीक्षेचे उतारे सोडवणाऱ्यांसाठी आणखी थोडं. उताऱ्यात ‘इट’ किंवा ‘दिस’ कशासाठी आलंय, यावर प्रश्न येतो. तिथे आधीच्या वाक्यातलं नाम त्या जागी घालून वाक्य पुन्हा वाचा, अर्थ लागला तर उत्तर बरोबर. माहिती विचारणारे प्रश्न असतील तर ते आधी वाचून मग उताऱ्यात उत्तर शोधलं तरी चालतं. लेखकाचं म्हणणं काय, उताऱ्याला शीर्षक कोणतं द्याल, असे प्रश्न मात्र उतारा पूर्ण वाचून झाल्यावरच घ्या. पर्यायांमध्ये एखादं विधान जगात खरं असतं पण उताऱ्यात कुठेच नसतं. सर्वसाधारण ज्ञान चांगलं असलेली हुशार मुलं नेमकी तिथे फसतात. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक लिहायचा. ओळ सापडली नाही तर तो पर्याय खोडायचा.